प्रश्न तुमचे: जिनिव्हात विचारलं, तर बडोद्यात काय होतं?

मागच्या अंकात मानवी हक्क दिनावर चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर एवढे मेसेज येतील असं वाटलं नव्हतं. बहुतेकांचा सूर एकच, की तिकडे जिनिव्हात बसून कोणी आपल्या सरकारला किंवा कुठल्याही सरकारला जाब विचारणार म्हणजे नेमकं काय करणार, आणि विचारला तरी ऐकतं कोण. म्हणून हा पूर्ण अंक याच विषयाला देतेय. सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि नावं कोणाचीच छापलेली नाहीत.

दांडिया बाजारातून एक काका: यूनोकडे ना पोलीस, ना तुरुंग. मग हे रिपोर्ट म्हणजे कागदी घोडेच ना? सरकारने कचऱ्यात टाकले तर कोण काय करणार?

काका, पोलीस नाहीत हे खरंय, आणि सरकार रिपोर्ट बाजूला ठेवू शकतं हेही खरंय, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण प्रत्यक्षात काय होतं ते आधी बघा.

२००६ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी मानवाधिकार परिषद काढली, ४७ देश सदस्य असतात तिच्यात. त्याच वेळी ठरलं की संयुक्त राष्ट्रांच्या प्रत्येक सदस्य देशाचा, म्हणजे आज १९३ देशांचा, पाळीपाळीने आढावा घ्यायचा. यूपीआर म्हणतात त्याला. साधारण साडेचार वर्षांनी पाळी येते. आपली आली २००८, २०१२, २०१७ आणि २०२२ ला. शेवटची १० नोव्हेंबर २०२२ ला, तेव्हा आपल्या बाजूने सॉलिसिटर जनरल तुषार मेहता गेले होते, त्याच्या आधी २०१७ ला अ‍ॅटर्नी जनरल मुकुल रोहतगी होते. म्हणजे सरकार कोणा कारकुनाला पाठवून मोकळं होत नाही, देशातले वरच्या दर्जाचे वकील पाठवतं, यावरूनच कळतं की सरकारला तिथे काय बोललं जातं याची फिकीर आहे.

जागा जिनिव्हातल्या पॅले दे नासिओंमधला हॉल नंबर २०, ज्याच्या छतावर मिकेल बार्सेलो नावाच्या स्पॅनिश चित्रकाराने रंगीत लोंबत्या सुळक्यांसारखं काम केलंय, फोटोत पाहिलं असेल तुम्ही. बैठक साडेतीन तासांची. त्यातली ७० मिनिटं ज्याची पाळी त्या देशाला आणि बाकी १४० मिनिटं इतर सगळ्या देशांनी वाटून घ्यायची. आपल्या २०२२ च्या पाळीला १३० देश बोलले, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम मिनिटभर. त्या मिनिटात कोणी कौतुक करतं, कोणी शिफारस देतं आणि ती शब्दशः लिहून घेतली जाते. टेबलावर तीन कागद असतात: एक सरकारचा स्वतःचा रिपोर्ट, दुसरा यूनोच्या वेगवेगळ्या कमिट्यांनी त्या देशाबद्दल जे म्हटलंय त्याचं संकलन, तिसरा संस्था-संघटनांनी पाठवलेल्या माहितीचा सारांश. तिसरा कागद सगळ्यात महत्त्वाचा, त्यावर पुढे लिहितेच.

त्या वेळी आपल्याला ३३९ शिफारशी आल्या. सरकारने २२१ मान्य केल्या, बाकीच्यांची फक्त नोंद घेतली. जोर येतो तो इथून. सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरीने 'लिफ्ट दुरुस्त करतो' म्हटलं आणि ते मिनिट्स बुकात चढलं, की पुढच्या मीटिंगला कोणीही पान उघडून विचारू शकतो, तसंच आहे हे. फरक एवढाच की इथे पुस्तक सगळ्या जगासमोर उघडं असतं, कोणालाही इंटरनेटवर वाचता येतं.

आता जिथे नाही जमलं तेही सांगते. छळविरोधी करारावर आपण १४ ऑक्टोबर १९९७ ला सही केली पण रॅटिफाय आजवर केला नाही, म्हणजे तो आपल्याला बंधनकारक झालेलाच नाही. चारही आढाव्यांत वेगवेगळ्या देशांनी हे विचारलंय. २०१० मध्ये लोकसभेने त्यासाठी बिल पास केलं, राज्यसभेत ते सिलेक्ट कमिटीकडे गेलं आणि तिथून पुढे मेलंच. २०१७ मध्ये लॉ कमिशनने २७३ वा रिपोर्ट दिला की करा रॅटिफाय, सोबत बिलाचा मसुदा पण जोडला. तरी नाही.

मग म्हणाल फुकट गेलं सगळं. पण पश्चिम बंगालमधलं पुरुलिया आठवतंय? डिसेंबर १९९५, विमानातून शस्त्रं टाकली होती. त्यातला मुख्य आरोपी किम डेव्ही डेन्मार्कचा, आणि आपण इतकी वर्षं मागतोय त्याला. तिथल्या हायकोर्टाने २०११ मध्ये नाही म्हटलं, २०२४ मध्ये तिथल्या कोर्टाने परत नाही म्हटलं, आणि कारण दोन्ही वेळा एकच, की भारतात कस्टडीत त्याचा छळ होण्याचा धोका आहे. दहशतवादाच्या केसमधला आरोपी हातात येत नाही याचं हेही कारण आहे काका. लॉ कमिशनच्या रिपोर्टमध्ये प्रत्यार्पणाचा मुद्दा आलाय तो उगाच नाही. जिनिव्हातल्या कागदाची किंमत अशी वळसा घालून वसूल होते, कधीकधी वीस वर्षांनी.

रावपुऱ्यातून एक वाचक: आपल्या घरात बाहेरच्यांनी का नाक खुपसावं? पाश्चात्त्य देशांचं राजकारण आहे हे सगळं.

राजकारण असतंच हो, पण सुरुवात कोणी केली बघा. १९४६ साली, आपण स्वतंत्रही झालो नव्हतो, तेव्हा भारतानेच संयुक्त राष्ट्रांत तक्रार नेली की दक्षिण आफ्रिकेचं सरकार तिथल्या भारतीय वंशाच्या लोकांना जमिनीच्या कायद्यापासून सगळीकडे भेदभावाने वागवतंय. विजयालक्ष्मी पंडित आपल्या बाजूने उभ्या होत्या. समोरून पंतप्रधान स्मट्स यांचं म्हणणं काय, तर हा आमचा अंतर्गत मामला आहे, तुम्ही मध्ये पडू नका! आपण तेव्हा म्हणालो, नाही, पडणार. आणि महासभेने आपल्या बाजूने ठराव केला. पुढे वर्णभेदाविरुद्ध जगभर जो दबाव उभा राहिला त्याचा पहिला दगड आपण ठेवलाय, त्यामुळे 'अंतर्गत मामला' हा शब्द ऐकला की मला स्मट्स आठवतात.

अजून एक गोष्ट, ही तर आपल्या गावची. बडोद्याचे दिवाण मनुभाई मेहता यांची मुलगी हंसा मेहता. एम. एस. युनिव्हर्सिटीच्या पहिल्या कुलगुरू म्हणून आपल्याला माहीत, त्यांच्या नावाच्या लायब्ररीत आपल्यातले कितीतरी जण अभ्यासाला बसलेत. पण त्याआधी त्या यूनोच्या मानवाधिकार आयोगावर होत्या. डिसेंबर १९४७ मध्ये जिनिव्हात आयोगाने कामाचे तीन गट पाडले: एक जाहीरनाम्याचा, एक कराराचा आणि तिसरा अंमलबजावणीचा, की देशांनी नाहीच पाळलं तर पुढे काय करायचं. तिसऱ्या गटाच्या अध्यक्ष हंसाबेन. माणसाला थेट तक्रार करता यावी, ती तपासायला कमिटी असावी, आंतरराष्ट्रीय कोर्ट असावं, हे सगळं तेव्हा त्या टेबलावर होतं. देखरेखीची जी व्यवस्था आज आपल्याला परकी वाटते तिच्यावर पहिला विचार करणाऱ्यांत बडोद्याची बाई होती. शाळेतल्या मुलांना हे सांगायला हवं, खरंच.

आणि गरज पडली तेव्हा आपणही याच दारात गेलोय. कुलभूषण जाधवांसाठी भारत हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला, १७ जुलै २०१९ ला निकाल लागला की पाकिस्तानने व्हिएन्ना करार मोडला, वकिलातीला भेटू दिलं नाही, शिक्षेचा फेरविचार करा आणि तोपर्यंत फाशी थांबवा. त्या दिवशी बाहेरच्यांनी नाक खुपसलं असं आपल्यातलं कोणी म्हणालं नाही, आणि बरोबरच होतं ते.

वाडीतून एक शिक्षिका: सरकारचा रिपोर्ट सरकारच लिहिणार, मग त्यात खरं कसं येणार?

ताई, म्हणूनच तो तिसरा कागद. सरकारने रिपोर्ट दिला की देशातल्या संस्था आपला वेगळा रिपोर्ट पाठवतात, शॅडो रिपोर्ट म्हणतात. यूपीआरशिवाय प्रत्येक कराराची तज्ज्ञांची वेगळी कमिटी असते, तिथे हे तज्ज्ञ दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून वाचतात आणि सरकारी प्रतिनिधीला विचारतात की तुम्ही म्हणता सगळ्या जेलमध्ये डॉक्टर आहे, मग अमुक जेलमध्ये हे काय चाललंय? उत्तर रेकॉर्डवर येतं.

सरकारला यातून पळता येतं ते उशीर करून. नागरी आणि राजकीय हक्कांचा करार आपण १९७९ मध्ये स्वीकारला, त्याच्या कमिटीपुढे भारत १९९७ मध्ये गेला, पुढचा रिपोर्ट २००१ अखेर द्यायचा होता आणि प्रत्यक्षात समोरासमोर बैठक झाली ती जुलै २०२४ मध्ये. सत्तावीस वर्षं! सरकारं बदलली, या बाबतीत सगळी सारखीच. माझ्या मते या व्यवस्थेचं सगळ्यात मोठं भोक हेच आहे, आणि याबद्दल देशात कोणी आरडाओरडा केला नाही याचं मला जास्त वाईट वाटतं.

खोटं लिहिलं तरी शेवटी काय होऊ शकतं त्यासाठी अर्जेंटिना बघा. १९७६ पासून तिथे लष्करी राज्य, माणसं घरातून उचलायची आणि परत पत्ता नाही. सरकार म्हणे असं काही नाहीच. सप्टेंबर १९७९ मध्ये अमेरिका खंडातल्या देशांचा मानवाधिकार आयोग तपासणीला आला आणि ब्युनोस आयर्सच्या आवेनिदा दे मायो रस्त्यावर तक्रार द्यायला लोकांची रांग लागली. भर शहरात, सैनिकांच्या डोळ्यांदेखत, आपल्या मुलाचा फोटो हातात धरून रांगेत उभं राहायचं, याला काय धाडस लागत असेल विचार करा. आयोगाने ५,५८० तक्रारी लिहून घेतल्या, १९८० मध्ये रिपोर्ट छापला, लष्कराने अर्थातच नाकारला. पण १९८३ मध्ये लोकशाही आली आणि १९८५ मध्ये त्याच सेनाधिकाऱ्यांवर साध्या कोर्टात खटला चालला, जनरल विदेलाला जन्मठेप झाली. बाहेरून आलेल्या आयोगाने कोणाला अटक केली नव्हती, त्यांनी फक्त नाव, तारीख, ठिकाण वेळेवर लिहून ठेवलं होतं. शिक्षा दिली ती अर्जेंटिनाच्या लोकांनी, त्यांच्याच कोर्टात.

कारेलीबागेतून एक आई: माझा मुलगा सेरेब्रल पाल्सीचा आहे. शाळेत रॅम्प नाही म्हणून मी त्याला रोज उचलून वर नेते. तुमच्या या जिनिव्हाचा माझ्याशी काय संबंध?

ताई, सगळ्यात थेट संबंध तुमचाच आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा यूनोचा करार भारताने १ ऑक्टोबर २००७ ला रॅटिफाय केला. त्याआधीचा आपला कायदा १९९५ चा, त्यात सातच प्रकार होते. करार केल्यावर जुना कायदा त्यात बसेना, दिव्यांगांच्या संघटना वर्षानुवर्षं मागे लागल्या आणि २०१६ मध्ये नवा कायदा आला, १९ एप्रिल २०१७ पासून लागू. आता २१ प्रकार, त्यात सेरेब्रल पाल्सी स्वतंत्र लिहिलेली आहे, सरकारी नोकरीत आरक्षण ३ वरून ४ टक्के. कायद्याच्या पहिल्याच पानावर लिहिलंय की हा त्या कराराच्या अंमलबजावणीसाठी केलाय. सप्टेंबर २०१९ मध्ये भारताला त्या कमिटीपुढे बसून पहिल्यांदा उत्तरंही द्यावी लागली.

तुमच्या कामाचं: दिव्यांग प्रमाणपत्रात ४० टक्के किंवा जास्त असेल तर ६ ते १८ वयापर्यंत मोफत शिक्षण, जवळच्या शाळेत किंवा तुम्ही निवडाल त्या स्पेशल शाळेत, हे कलम ३१. आणि सरकारी किंवा मान्यताप्राप्त शाळेची बिल्डिंग त्याला वापरता येईल अशी असायला हवी हे कलम १६. म्हणजे रॅम्प ही मेहेरबानी नव्हे. प्रिन्सिपलना लेखी अर्ज द्या, पोच घ्या, पंधरा-वीस दिवसांत हललं नाही तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करा, त्यांना या बाबतीत सिव्हिल कोर्टासारखे अधिकार आहेत, कागद मागवू शकतात, माणसाला हजर करू शकतात. तोंडी बोलून आता बास, रोज पाठ तुमची मोडतेय.

असाच दुसरा रस्ता १९९७ च्या विशाखा निकालाचा. कामाच्या ठिकाणी बायकांच्या लैंगिक छळावर देशात कायदाच नव्हता, सुप्रीम कोर्टाने स्त्रियांविषयीचा यूनोचा करार समोर ठेवला, जो भारताने १९९३ मध्ये रॅटिफाय केला होता, आणि नियम घालून दिले. कायदा यायला २०१३ उजाडलं, पण मधली सोळा वर्षं ऑफिसात बाईला तेच नियम कामी आले.

अलकापुरीतून: अमेरिका, रशिया, चीन यांना कोण विचारतं?

कमी विचारलं जातं, हे मान्य. ज्यांच्याकडे व्हेटो आहे त्यांच्याविरुद्ध सुरक्षा परिषद हलत नाही. अमेरिकेने बालहक्क करार अजून रॅटिफाय केलेला नाही. रशियाला युक्रेननंतर एप्रिल २०२२ मध्ये मानवाधिकार परिषदेतून निलंबित केलं पण युद्ध थांबलं नाही. हा अन्याय आहे आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही, फक्त दुसरा सुटला म्हणून आपल्या इथल्या कोठडीत कोणी मार खावा हे मला पटत नाही.

मकरपुऱ्यातून लॉच्या शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी: माझ्या मामाला चोरीच्या संशयावरून चौकीत दोन दिवस ठेवलं, मारलं, अटक कुठेच दाखवली नाही. जिनिव्हाला तक्रार कशी करायची?

बाळा, आधी सरळ उत्तर. नागरी हक्कांच्या कमिटीकडे वैयक्तिक तक्रार करायची सोय वेगळ्या प्रोटोकॉलमधून मिळते, तो नेपाळने स्वीकारलाय, भारताने नाही. त्यामुळे ते दार बंद. उघडं आहे ते स्पेशल रॅपोर्टरचं. हे यूनोने नेमलेले स्वतंत्र तज्ज्ञ, पगार घेत नाहीत, छळावरचा वेगळा आहे. देशाने करार रॅटिफाय केला नसला तरी ते सरकारला पत्र लिहू शकतात, साधारण ६० दिवस उत्तराला देतात, मग पत्र आणि उत्तर दोन्ही वेबसाइटवर जाहीर होतं. आधी इथल्या सगळ्या कोर्टांच्या पायऱ्या चढायला हव्यात अशीही अट नाही. मामांचं नाव जाहीर करू नका असं लिहिता येतं, ते जरूर लिही.

पण पहिली धाव इथेच घे, कारण इथले कागद नसतील तर तिकडेही काही हलणार नाही. चौकीच्या कॅमेऱ्याचं फुटेज आधी. सुप्रीम कोर्टाने २ डिसेंबर २०२० ला प्रत्येक पोलीस स्टेशनात सीसीटीव्ही लावा आणि रेकॉर्डिंग १८ महिने ठेवा, तेवढी सोय नसेल तिथे कमीत कमी वर्षभर, असा हुकूम केलाय. त्या दोन तारखांचं फुटेज जपून ठेवा असा अर्ज आजच पोलीस कमिशनर कचेरीत दे, शिक्का मारून घे. मग सरकारी हॉस्पिटलचा जखमांचा दाखला, जखमा पुसट झाल्या असल्या तरी. सुप्रीम कोर्टाच्या डी. के. बसू निकालाप्रमाणे अटकेचा मेमो, घरच्यांना कळवणं, दर ४८ तासांनी मेडिकल तपासणी हे सगळं व्हायला हवं होतं, यातलं काय काय झालं नाही ते तारखेसकट लिही. कोण होतं, किती वाजता, कोणत्या खोलीत, कशाने मारलं. विशेषणं नकोत, 'अमानुष' वगैरे नको, फक्त घडलेलं.

हे घेऊन राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाकडे किंवा गांधीनगरच्या राज्य आयोगाकडे जा, दोघांपैकी एकाकडेच, दोन्हीकडे एकदम टाकलं तर अडकतं. फी नाही, वकील लागत नाही, आठव्या अनुसूचीतली कुठलीही भाषा चालते, म्हणजे मराठीत लिहिलंस तरी चालेल. घटनेपासून एक वर्षाच्या आत मात्र, नंतर घेत नाहीत.

आयोगाला दात नाहीत असं तुझे सर म्हणत असतील. शिफारसच करतो तो, आणि २०२३, २०२४ दोन्ही वर्षी जगभरातल्या अशा आयोगांच्या संघटनेने त्याचं 'ए' ग्रेडचं नूतनीकरण पुढे ढकललं होतं, नेमणुका आणि तपासात पोलिसांचा सहभाग अशा कारणांवरून. पण याच आयोगाने बडोद्यासाठी काय केलं ते तुझ्या पिढीला माहीत नसतं. १ मार्च २००२, हनुमान टेकरीवरची बेस्ट बेकरी, १४ माणसं मेली. साक्षीदार फिरले आणि २७ जून २००३ ला इथल्या फास्ट ट्रॅक कोर्टात सगळेच्या सगळे २१ आरोपी सुटले. आयोगाने खटल्याचे कागद मागवले आणि स्वतः सुप्रीम कोर्टात गेला की हा खटला नीट चाललाच नाही. मुख्य साक्षीदार आणि एक संस्था पण गेली. १२ एप्रिल २००४ ला सुप्रीम कोर्टाने गुजरातबाहेर, महाराष्ट्रात, नव्याने खटला चालवायला सांगितलं, २००६ मध्ये मुंबईत नऊ जण दोषी ठरले, २०१२ मध्ये हायकोर्टाने त्यातल्या चौघांची शिक्षा कायम ठेवली आणि पाच सुटले. अपुरा न्याय आहे म्हणशील, मीही म्हणते. पण राज्य सरकारच्या नाकावर टिच्चून केस परत उघडली गेली ती आयोग गप्प बसला नाही म्हणून.

तक्रार ऑनलाइन टाकलीस की डायरी नंबर येईल तो मला कळव, त्याच नंबराने पुढचं प्रत्येक पत्र लिहायचं. आणि मामांना आधी विचार, त्यांची तयारी आहे का, पोलिसांविरुद्ध लिहायचं म्हणजे रोज त्याच चौकीवरून जाणं-येणं त्यांचं आहे. ते हो म्हणाले तर मसुदा पाठव, मी वाचून देते.